ताट उलटं करून पाहा

दिवाळी तोंडावर आली की पुण्याच्या बोहरी आळीत आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास क्रोकरीची खोकी पार फुटपाथवर येतात. गिऱ्हाईक दोनच प्रश्न घेऊन येतं. बोन चायना आहे का? आणि फुटणार नाही ना? दुकानदार पहिल्याला हो म्हणतो आणि दुसऱ्याला हसतो. मग फळीवरून एकेक प्लेट खाली येते. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या चकचकीत, आणि एकीची किंमत दुसरीच्या चौपट. खोक्यांवर लिहिलेलं असतं बोन चायना, फाइन बोन चायना, न्यू बोन चायना, पोर्सलीन, स्टोनवेअर, ओपलवेअर. घरून ठरवून आलेला माणूसही इथे गोंधळतो आणि शेवटी जी सगळ्यांत पांढरी दिसते किंवा जिच्या काठावर सोनेरी रेघ आहे ती घेऊन घरी जातो.

पांढरेपणावरून ताट निवडणं म्हणजे रंगावरून आंबा निवडणं. ताटाची लायकी त्याच्या तोंडावर दिसत नाही, ती पालथ्या बाजूला दिसते. उलटं केलं की बुडाला एक गोल कड असते, तिच्यावर बहुधा ग्लेझ, म्हणजे काचेचा चकचकीत लेप, नसतो. भट्टीत ताट त्या कडेवर उभं असतं. तिथे ग्लेझ असता तर वितळून ते फळीलाच चिकटलं असतं. चकाकीखाली दडलेली खरी माती तेवढ्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये उघडी असते. तिथे ओलं बोट टेकवायचं. पाणी झटकन आत शोषलं गेलं आणि डाग गडद झाला, तर माती कच्ची, म्हणजे कमी आचेवर भाजलेली. पाणी वरच राहिलं तर ती दगड झालेली आहे. काही ताटांचं बूडही पूर्ण ग्लेझलेलं असतं. तिथे शोधलं तर टेकूच्या तीन बारीक टोकांच्या खुणा सापडतात, पण ओल्या बोटाची परीक्षा तिथे चालत नाही.

सगळा खेळ भाजणीचा आहे. मातीच्या भांड्यातलं साधं पाणी सुकताना उडून जातं, पण मातीच्या कणांशी रासायनिक बांधलेलं पाणी भट्टीत पाचशे-सहाशे अंशांच्या पुढेच निघतं, आणि एकदा ते गेलं की मातीचं पुन्हा चिखल होणं नाही. तिथून नऊशे-हजार अंश सेल्सियसपर्यंत भांडं घट्ट होतं, तरी आत असंख्य बारीक छिद्रं राहतात. बाराशेच्या पुढे मातीत मिसळलेलं फेल्स्पार नावाचं खनिज वितळू लागतं, त्याची काच होते आणि ती छिद्रं बुजवत जाते. तेराशे-चौदाशेला जवळजवळ काही छिद्र उरतच नाही. खोक्यावरची निम्मीअधिक नावं या पायऱ्यांचीच आहेत.

खालच्या पायरीवर कुंभाराचा आवा. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या पिढ्या दिवाळीसाठी पणत्या घडवतात, ती ही माती: लोखंडाच्या अंशामुळे लाल, हलकी, सच्छिद्र. माठात पाणी गार होतं ते या छिद्रांमुळेच. पाणी पाझरतं, वाफ होताना उष्णता घेऊन जातं. माठाचा हा गुण ताटात दोष ठरतो. अशी माती आपल्या वजनाच्या पाच ते पंधरा टक्के पाणी पिऊ शकते, म्हणजे अर्ध्या किलोचं ताट पन्नास ग्रॅम पाणी सहज पोटात घेईल. आमटी सांडली तर पाण्याबरोबर तेल आणि हळदही जाईल. हल्ली हॉटेलांत मातीच्या थाळीत जेवण वाढायची टूम निघाली आहे. केळीचं पान घालून एका वेळेपुरती ती थाळी छान. रोज वापरून, साबणाने घासून कपाटात ठेवायची असेल तर महिन्याभरात तिला वास येऊ लागतो.

या मातीवर ग्लेझ चढवला की तिला ताटाची प्रतिष्ठा येते. गोव्यात जुन्या घरांच्या भिंतींवर आणि पणजीतल्या पाट्यांवर निळ्या-पांढऱ्या टाइल दिसतात, त्या अझुलेजोंची जात हीच: कमी आचेची माती आणि वर अपारदर्शक पांढरा ग्लेझ. तो पांढरा रंग कथलाच्या ऑक्साइडचा असतो. आपल्याकडे पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात तेच कथील. इटली-पोर्तुगालची रंगीत, हाताने चितारलेली ताटं या घराण्यातली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही 1870 च्या दशकात जॉर्ज विल्किन्स टेरी यांच्या देखरेखीखाली सिंधी परंपरेच्या ग्लेझची आणि अजिंठ्याच्या नक्षीची अशीच मातीची भांडी घडली. त्यातली काही आज लंडनच्या संग्रहालयात आहेत, आणि तिथेच ती शोभतात. अशा ताटाच्या काठाचा टवका उडाला की आतली तहानलेली माती उघडी पडते. धुताना ती पाणी पिते, मायक्रोवेव्हमध्ये ते पाणी तापतं आणि भाजी कोमट असताना ताटाने हात पोळतो. वर्षानुवर्षं ओल पिऊन माती किंचित फुगते, ग्लेझ फुगत नाही, मग त्यावर केसासारख्या भेगांचं जाळं पडतं. आजीच्या जुन्या बशांवर दिसणारं जाळं बहुतेक वेळा हेच.

यापुढची पायरी मराठी घराला नवी नाही, फक्त आपण तिला कधी ताट म्हणून पाहिलं नाही. वर तपकिरी आणि खाली पांढरट, दादरा बांधलेली लोणच्याची बरणी म्हणजे अस्सल स्टोनवेअर. मीठ, आंब्याचं आम्ल आणि तेल यांचा मिलाफ वर्षभर सांभाळायचा तर पितळ-तांबं कामाचं नाही, कच्ची माती पाझरते, आणि मोठ्या काचेच्या बरण्या पूर्वी परवडत नसत. बाराशे अंशांच्या पुढे भाजलेली ही जाड माती दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त पाणी घेत नाही आणि आम्लाला दाद देत नाही. घराघरातल्या बायकांनी रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता कैरीचा खार कशात मुरवायचा हे बरोबर ठरवलं होतं. या बरण्या आपल्याकडे मुख्यतः सौराष्ट्रातून येत. थानगड, मोरबी, वांकानेर या पट्ट्यात चिनी मातीचा धंदा उभा करणाऱ्यांत परशुराम गणपुले या मराठी गृहस्थांचं नाव अग्रभागी आहे. त्यांची परशुराम पॉटरी गुजरातमध्ये वाढली आणि मोरबी पुढे टाइलांची राजधानी झाली. महाराष्ट्राच्या उद्योगकथांत गणपुले क्वचितच भेटतात, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

इराणी हॉटेलांतला जाड ओठाचा पांढरा कपही याच वृत्तीचा, फक्त माती बरणीहून शुभ्र. शंभर वेळा आपटून, गरम पाण्याच्या पिपात बुडवून, पुन्हा चहा भरून तो टिकतो, कारण कड गोल वळवलेली असते. टवका पातळ, धारदार कडेचा उडतो. गोल कडेवर आघात पसरतो. दुकानात ताटाच्या काठावरून अंगठा फिरवून पाहावा. गोलाई लागली तर ते ताट मोरीतल्या रोजच्या मारामारीत टिकण्याची शक्यता जास्त.

गेल्या काही वर्षांत स्टोनवेअरला नवं वलय मिळालं ते स्टुडिओ पॉटरीमुळे. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी 1971 मध्ये पाँडिचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. तिथे शिकून गेलेले कुंभार देशभर पसरले. त्याआधी सरदार गुरचरणसिंग यांनी जपानमध्ये शिकून येऊन दिल्लीत आणि नंतर कांगड्यातल्या अंद्रेट्टात चाक फिरवलं होतं. विदर्भात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघाने खेड्यातल्या कुंभारांना चांगल्या भट्ट्या आणि ग्लेझचं तंत्र शिकवलं. आज पुण्या-मुंबईत प्रदर्शनांतून शेकडो हात अशा ताटवाट्या घडवतात. राखाडी, शेवाळी, समुद्रनिळ्या, एकसारख्या दोन नसलेल्या.

पण हौसेच्या भरात दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली हळद. मॅट, खरखरीत ग्लेझ दिसायला देखणा असतो, त्याच्या बारीक खाचांत पिठल्याची हळद जाऊन बसते. घाबरायचं कारण नाही. हळदीचा रंग उन्हाला फार भित्रा आहे, ताट दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवलं की डाग पुष्कळ फिका पडतो. स्टीलचे चमचे मात्र अशा ग्लेझवर राखाडी रेघा ओढतात. ताटावर चरा पडल्यासारखं वाटतं, पण खरं तर चमचाच झिजून त्याचा धातू ताटावर उरलेला असतो. हाताने जेवणाऱ्या घराला ही अडचण कमी.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. रंगीत ग्लेझ म्हणजे काच, आणि काचेला रंग देणारे धातू: हिरव्याला तांबं, निळ्याला कोबाल्ट, तपकिरीला लोखंड. भाजणी नीट झाली आणि मिश्रण समतोल असलं तर हे धातू काचेत पक्के अडकून राहतात, नाहीतर आमसुलाच्या सारात हळूहळू उतरतात. जाणकार कुंभार स्वतःच एक साधी चाचणी करतात. ग्लेझवर लिंबाची फोड रात्रभर दाबून ठेवायची, सकाळी धुवून पाहायचं. तिथला रंग उडाला असेल किंवा चकाकी गेली असेल, तर त्या वाटीत दही-लिंबू ठेवू नये. विकणाऱ्या कलावंताला हा प्रश्न विचारायला अजिबात संकोच करू नका. ज्याने चाचणी केली असेल तो आनंदाने सांगेल.

शिसं आणि कॅडमियम हे या कथेतले खलनायक. शिसं टाकलं की ग्लेझ कमी आचेवर वितळतो, आरशासारखा चकाकतो आणि भट्टीचं इंधन वाचतं, म्हणून जगभर शतकानुशतकं ते वापरलं गेलं. आता बरेच कारखाने त्याऐवजी बोरॉनयुक्त मिश्रण वापरतात. भडक लाल, केशरी, पिवळ्या रंगांत कॅडमियम असू शकतं. धोका विशेषतः तिथे, जिथे नक्षी ग्लेझच्या वर चिकटवून सात-आठशे अंशांवर हलकेच भाजलेली असते. बोट फिरवलं तर अशी नक्षी किंचित उंचवट्यासारखी हाताला लागते, तिरकं धरलं तर तिची चमक भोवतालच्या ग्लेझपेक्षा वेगळी दिसते. ग्लेझखालच्या नक्षीवर काचेचं पांघरूण असतं, ती निश्चिंत. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 6486 नुसार ताटात चार टक्के अॅसिटिक आम्ल भरून चोवीस तास साधारण 22 अंशांवर ठेवतात आणि किती धातू उतरला ते मोजतात. आपल्या स्वयंपाकघरात मात्र चिंच-गुळाची आमटी वाफाळती वाढली जाते, आणि उष्णतेने आम्लाची धार वाढते. म्हणून जुन्या बाजारातल्या, पूर्वजांच्या किंवा परदेशातून आलेल्या नक्षीदार बशा भिंतीवर लावाव्यात, त्यात सोलकढी ओतू नये. काठाची सोनेरी रेघ आरोग्याला सहसा त्रास देत नाही, पण मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडवते आणि घासणीने वर्षभरात पुसट होते.

जयपूरच्या ब्लू पॉटरीबद्दल इथेच सांगून टाकतो. तिच्यात नेहमीची चिकणमाती मुख्य नसतेच. क्वार्ट्झची पूड, काचेची पूड, मुलतानी माती आणि डिंक यांची ती घडण, आठशे-साडेआठशे अंशांवर भाजलेली. विसाव्या शतकात विझत आलेली ही कला कृपालसिंह शेखावत यांनी पुन्हा जागवली. फराळाच्या ताटात चिवडा वाढायला तिची वाटी सुंदर दिसते. गरम वरण तिच्यात नको, आणि भिजत घालणं तर मुळीच नको.

पोर्सलीनची कुळकथा चीनमध्ये सुरू होते. जिंगडेझेनजवळच्या गाओलिंग टेकडीवरची पांढरी माती, जिच्यावरून केओलिन हे नाव पडलं, ती, फेल्स्पारयुक्त दगड आणि क्वार्ट्झ तेराशे अंशांपुढे भाजले की एक पांढरा, काचेसारखा घट्ट, पातळ केल्यास प्रकाश आत घेणारा पदार्थ होतो. त्याचं पाण्याचं शोषण अर्ध्या टक्क्याच्याही खाली. हा माल समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर येत होता. चौल आणि जुन्या गोव्याच्या उत्खननांत चिनी भांड्यांच्या खापऱ्या सापडल्या आहेत. देवगिरीच्या किल्ल्यावरचा चिनी महाल तर नावातूनच त्या मोहाची आठवण देतो. तिथे रंगीत टाइलांचे उरलेले तुकडे होते, आणि तिथेच गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशाह कैदेत होता. युरोपला हे गूढ उकलायला 1708-1710 उजाडलं. सॅक्सनीत बॉटगर नावाच्या किमयागाराकडून राजाला सोनं हवं होतं, मिळालं पोर्सलीन. राजाने तक्रार केल्याचं दिसत नाही.

हॉटेलवाले आजही पोर्सलीन घेतात. कारण सरळ आहे: ग्लेझ कडक असतो, कारण तो आतल्या मातीबरोबरच उच्च तापमानावर पिकतो, त्यामुळे सुरी-काट्याचे चरे त्यावर कमी पडतात. भारतात अशा पांढऱ्या मालाचं मोठं केंद्र म्हणजे बुलंदशहर जिल्ह्यातलं खुर्जा. गंमत अशी की खुर्जाच्या जमिनीत या कामाची माती नाही. माती गुजरात-राजस्थानातून, फेल्स्पार-क्वार्ट्झ राजस्थानातून, आणि तयार माल देशभर. 2018 मध्ये केंद्र सरकारने चीनहून येणाऱ्या चिनी मातीच्या ताटवाट्यांवर अँटी-डम्पिंग शुल्क लावलं, त्यानंतर खुर्जा आणि गुजरातच्या कारखान्यांना थोडा श्वास मिळाला. त्याच्या कितीतरी आधी, स्वदेशीच्या काळात, बंगालमध्ये सत्यसुंदर देव यांनी जपानमध्ये शिकून येऊन कोलकात्यात पॉटरीचा कारखाना उभा केला होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी परदेशी कपबशीला देशी पर्याय देण्याची ती धडपड.

आता तो सगळ्यात विचारला जाणारा प्रश्न. बोन चायनात खरंच हाडं असतात का? असतात. इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या बो कारखान्यात थॉमस फ्राय यांनी 1740 च्या दशकाच्या अखेरीस मातीत हाडांची राख घालून पाहिली. स्टोकच्या जोसाया स्पोड यांच्या कारखान्याने शतकाच्या शेवटी त्याचं प्रमाण बसवलं: साधारण निम्मी हाडांची राख, पाव भाग चायना क्ले, पाव भाग कॉर्नवॉलचा दगड. गुरांची हाडं हजार अंशांच्या आसपास जाळतात. त्यातलं जिलेटिन, मांस, चरबी सगळं जळून जातं आणि उरतो पांढरा कॅल्शियम फॉस्फेट. भट्टीत तो मातीशी मिळून असे स्फटिक आणि काच बनवतो की पातळ प्लेट मजबूतही होते आणि अर्धपारदर्शकही. दिव्यासमोर धरून मागे हात नेला तर बोटांची सावली दिसते. ओळखायची साधी रीत हीच, मात्र चांगलं पातळ पोर्सलीनही थोडी सावली दाखवतं, तेव्हा रंगही पाहावा: बोन चायनाचा पांढरेपणा किंचित उबदार, दुधी असतो, पोर्सलीनचा निळसर झुकता.

रसायनशास्त्राच्या नजरेने त्या राखेत प्राणी उरलेला नाही. शाकाहारी किंवा जैन घरातल्या माणसाला हे सांगून उपयोग नाही, कारण त्याचा प्रश्न रसायनाचा नसतो. आणि त्याचा प्रश्न रास्तच आहे, कारण त्याचं उत्तर खोक्यावर मिळत नाही. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण सक्तीचा आहे, ताटावर नाही. म्हणून इथे चौकशी करावी लागते. काही उत्पादक हाडांऐवजी खनिज फॉस्फेट वापरतात, ते नावापुरतं बोन चायना, आत हाड नाही. ‘न्यू बोन चायना’ नावाने विकला जाणारा बराच माल तर मुळात हाडाविना बनवलेलं पोर्सलीन असतं. नावात बोन आहे म्हणून घाबरणारा आणि नावात बोन आहे म्हणून मोह पडणारा, दोघांनाही हे नाव फसवतं. ज्यांना पक्कं हवं त्यांनी कंपनीकडून लेखी उत्तर मागावं. दुकानदाराला खरोखर ठाऊक असतंच असं नाही.

भांड्याच्या धर्माचा वाद आपल्याकडे नवा नाही. पितळी भांडं विटाळलं तर चिंचेने, राखेने घासून शुद्ध होई. मातीचं मात्र फेकावं लागे. मग चिनी मातीचा कप कुठे बसवायचा, यावर सोवळ्या घरांत बराच घोळ होता. पुण्यात 1890 मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतरांनी चहा घेतल्यावरून बहिष्काराचं जे ग्रामण्य उठलं ते शंकराचार्यांपर्यंत गेलं. प्रश्न चहा कुणाच्या हातचा हा होता, पण तो कपातच आला असणार. आणि गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळ्या कपबशा ठेवल्या जात, त्याची आठवण फार जुनी नाही. ज्याला आपण क्रोकरी म्हणतो ती जातीच्या आणि विटाळाच्या इतक्या भानगडींतून आपल्या घरी आली.

बोन चायनाविषयी एक व्यावहारिक गोष्ट जाहिराती सांगत नाहीत. त्याचं शरीर मजबूत असतं, पण त्यावरचा ग्लेझ अकराशे अंशांच्या आसपास, कमी आचेवर पिकतो, म्हणून पोर्सलीनपेक्षा मऊ. रोज स्टीलच्या चमच्यांखाली आणि तारेच्या घासणीखाली बोन चायना लवकर निस्तेज होतं. पाहुण्यांसाठी, कपबशीसाठी उत्तम. चहा त्यात जास्त चवदार लागतो असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, ओठाला लागणारी पातळ कड हेही एक सुख आहेच.

आणि मग ओपल. दुकानदार बोन चायनाच्या शेजारी हे दाखवतो, पांढरं, हलकं, फुलाफुलांचं. ही माती नाहीच, ही अपारदर्शक पांढरी काच. झारखंडमधल्या मधुपूरला ला ओपालाचा कारखाना 1980 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला, आता जयपूरजवळून लारा नावाचं ओपलही येतं. त्याआधी अमेरिकेतल्या मामा-मावशीच्या सूटकेसमधून, कपड्यांत गुंडाळून, कोरेल नावाचे डिनर सेट यायचे. कॉर्निंग कंपनीने 1970 मध्ये आणलेली ती थरांची काच. ओपल पाणी अजिबात पीत नाही, डाग धरत नाही, मायक्रोवेव्हला चालतं, कामवाल्या बाईच्या हाती निर्धास्त देता येतं. टेम्परिंग केल्यामुळे ही काच सहजी फुटत नाही, पण फुटली तर दोन तुकडे होत नाहीत, अख्खी फरशी बारीक चुऱ्याने भरते आणि पलंगाखालूनही आठवड्याभराने कण निघतो. लहान मुलं असलेल्या, घाई असलेल्या घराने रोजच्या वापराला ओपल घेतलं तर त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही. फक्त ते माती म्हणून, चायना म्हणून, जास्त पैशांना घेऊ नये.

मातीची जात ठरली तरी आकार उरतो, आणि इथे आपलं जेवण पाश्चात्त्य ताटाशी भांडतं. बहुतेक डिनर प्लेटना रुंद, उतरती कड असते, मधला सपाट भाग छोटा. सूप वेगळ्या बाउलमध्ये, मांस मधोमध, असा तो बेत. आपल्याला डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भात, त्यावर वरण, शिवाय पोळी आणि आमटीची वाटी. रुंद कडेच्या ताटात वाटी तिरकी बसते आणि चटणी उतारावरून घसरून भातात येते. सपाट तळाचं, सरळ उभ्या बुटक्या काठाचं ताट घ्यावं, स्टीलच्या ताटाच्या घडणीचं. पुरणपोळी न दुमडता मावते का हे दुकानात मोजून पाहायला लाजू नये.

दुकानदार ताट बोटांच्या टोकांवर तोलून नखाने टिचकी मारतो. घंटेसारखा लांब नाद आला तर माती पक्की आणि तडा नाही, बद्द आवाज आला तर एकतर माती कच्ची किंवा कुठेतरी बारीक भेग. टिचकी तुम्ही स्वतः मारा, प्रत्येक ताटावर. खोक्यातल्या सहापैकी एखादं बद्द निघतंच. टेबलावर पालथं ठेवून डुगडुगतं का पाहा, भट्टीत वाकलेलं ताट आयुष्यभर डुगडुगत राहील. वजनही उचलून बघा. स्टोनवेअरची आठ ताटं एकावर एक रचून ओट्याखालून उचलायची ती कुणी, हा प्रश्न प्रदर्शनात सुचत नाही.

सेटच्या मोहात पडू नका. चौतीस नगांच्या सेटमध्ये ज्या सॉस बोटी आणि ओव्हल प्लेटा येतात त्या कपाटाच्या वरच्या फळीवर निवृत्त होतात. आणि दोन वर्षांनी तीन ताटं फुटली की त्या नक्षीचं ताट कुठेच मिळत नाही. हॉटेलांना माल पुरवणाऱ्या दुकानांत साधं पांढरं पोर्सलीन सुटं मिळतं, एकेक ताट, एकेक वाटी, आणि तोच साचा वर्षानुवर्षं चालू असतो. रोजच्या जेवणाला ते, चहाला हवा असेल तर बोन चायनाचा कप, लोणच्याला जुनी बरणी, आणि मन भरलं तर एखाद्या कुंभाराने घडवलेली एक मोठी वाटी, लिंबाची चाचणी पास झालेली. पांढरी सुटी ताटं घेताना घरच्या माणसांइतकी मोजून घ्या, मग दोन जास्त घ्या. ती फुटणार आहेतच.